पांढऱ्यात निळा थेंब

६ जानेवारी, सोमवार

लेकीने ऑफिसात मिळालेली कोरी डायरी माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, बाबा, पोरगी दिवसभरात काय खाते, किती झोपते, तुम्ही तिला कुठे नेता, रोज दोन ओळी लिहीत जा, म्हणजे संध्याकाळी विचारत बसायला नको. मी बरं म्हटलं. पण दोन ओळींची चिठ्ठी फ्रिजवर लावायची आणि डायरी आपल्याजवळ ठेवायची, हे मी लगेच ठरवून टाकलं. जन्मभर दुसऱ्यांच्या दुकानांची नावं लिहिली, आता जरा आपल्या मनातलं लिहू.

परिस्थिती अशी आहे. जावई जहाजावर आहे, उन्हाळ्याआधी येत नाही. लेक आजपासून पुन्हा नोकरीला लागली. नात सकाळी बालवाडीत आणि दुपारपासून माझ्या ताब्यात. कोपऱ्यावरच्या पाळणाघरात लेकीने जागा विचारून ठेवली आहे. "महिना-दीड महिना बघू," म्हणाली. कोणाला बघायचं ते बोलली नाही, पण ते कळण्याइतकी अक्कल मला आहे. पाळणाघर वाईट नाही म्हणतात. पण नात तिकडे गेली तर मी दुपारभर या घरात भिंतींकडे बघत बसणार. दुकान बंद केल्यावर वर्षभर तेच केलं. ते मला पुन्हा नको आहे.

नात साडेचार वर्षांची. डोक्यावर एकच शेंडी, तीही पुढे वळून कपाळावर येते, म्हणून मी तिला वेलांटी म्हणतो. बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरच्या नातीला शोभेलसं नाव आहे. आज जेवली, दूध प्यायली, झोपली नाही. "आबा, आता काय?" हे तिने इतक्या वेळा विचारलं की शेवटी मीच तिला विचारलं, बाई, आता काय?

८ जानेवारी, बुधवार

तोडगा सापडला. माझ्या हातचे थोडे बोर्ड अजून या भागात टिकून आहेत. बाकी सगळीकडे छापील प्लॅस्टिक लटकतंय, त्याबद्दल न बोललेलं बरं. तर एक-एक बोर्ड बघायला जायचं आणि घरी येऊन बुटाच्या खोक्याचं तेच दुकान करायचं. बाल्कनीत खोक्यांचं गाव वसवायचं. वेलांटीने हे ऐकलं आणि लगेच आईच्या कपाटातून नव्या चपलांचं खोकं चपला बाहेर फेकून घेऊन आली.

आज न्हाव्याचं दुकान. गडद हिरव्यावर पांढरी अक्षरं, मी रंगवलेली. बघून जीव हळहळला. पांढरा पार पिवळा पडलाय, चहा सांडल्यासारखा. मी न्हाव्याला म्हटलं, वर्षातून एकदा ओलं फडकं मारायला काय हात झिजतात का? तो म्हणाला, परवाच साबणाने धुतलाय, काका. धुतलाय म्हणे. वेलांटीने मात्र बोट हवेत धरून 'न' गिरवला, आधी गाठ, मग दांडा, अगदी मी सांगितला तसा.

येताना तिने नवीन खेळ काढला. माझं बोट धरून पुढे चालते आणि बसच्या कंडक्टरसारखी ओरडते, "पायरी आली. खड्डा आला. खांब, डावीकडे घ्या." लोक वळून बघतात. मीही झोकात डावीकडे घेतो.

१३ जानेवारी, सोमवार

सायकलवाला झाला. चाकांसाठी बटाट्याचे ठसे केले. बटाटा अर्धा कापला, त्यात मी नखाने आरे कोरले, वेलांटीने रंगात बुडवून खोक्यावर धपाधप मारले. एक ठसा माझ्या सदऱ्यावर, एक भिंतीवर, एक स्वतःच्या गुडघ्यावर. गुडघ्यावरचा सगळ्यांत चांगला उठला.

रंगांच्या बाबतीत मात्र मी निराश आहे. दुकानातून नवा डबा आणला, झाकणावर निळा लिहिलंय आणि आत मेलेला राखाडी. हल्लीच्या रंगात दमच नाही. पूर्वी निळा उघडला की डोळ्यात जायचा. वेलांटी म्हणते, "मस्त निळा आहे." तिने खरा निळा पाहिलाय कुठे?

१७ जानेवारी, शुक्रवार

खानावळीचं खोकं. पडद्याला मणी ओवायचे होते. सुईत दोरा मी घालणार होतो, पण तिनेच माझ्या हातातून सुई घेतली आणि पहिल्या झटक्यात घातला. बारीक बोटांचा फायदा.

दूध ओतताना थोडं ओट्यावर गेलं. ओटा पांढरा, ग्लास काचेचा, दूध पांढरं, माणसाने करायचं काय? वेलांटीने फडकं आणून पुसलं आणि म्हणाली की आईला सांगायचं नाही. मी म्हटलं, सांग की, दूध सांडणं काही गुन्हा नाही. तरी तिने सांगितलं नाही.

आणि ही पेनं. शाई इतकी फिकट करून ठेवलीय की लिहिलेलं आपलं आपल्याला दिसू नये. आजपासून जाड मार्करने लिहितोय. पान लवकर संपतं, पण निदान लिहिल्यासारखं वाटतं.

२१ जानेवारी, मंगळवार

आजचा दिवस मोठा आहे. वेलांटीला आणायला गेलो तर बालवाडीच्या बाईंनी मला आत बोलावलं. मला वाटलं, पोरीने कोणाला चावलं. तसं काही नव्हतं. फाटकावरच्या बोर्डाला गंज लागलाय, आणि वेलांटीने वर्गात सांगितलं होतं की माझे आबा गावातले सगळे बोर्ड करतात. बाईंनी विचारलं, एक आमच्यासाठी कराल का? गडद लाल पाटी आणि ठसठशीत पांढरी अक्षरं.

मी शांतपणे म्हटलं, बघू, वेळ काढावा लागेल. फाटकाबाहेर आल्यावर मात्र वेलांटीला उचलून गोल फिरवली. दुकान बंद केल्यापासून हातात मोठा ब्रश घेतला नव्हता.

लेकीला सांगितलं. ती आधी हसली, मग म्हणाली, "बाबा, जमेल ना?" जमेल ना? मी पट्टी न लावता सरळ रेघ मारणारा माणूस. मी जेवून उठलो तो जरा घुश्शातच.

२७ जानेवारी, सोमवार

पत्रा घासून, लाल हात देऊन, वाळवून झाला. आज दोरी मारली. दोरीला खडूची पूड लावायची, दोन टोकांना ताणून धरायची आणि मधे टिचकी मारायची, की पत्र्यावर सरळ रेघ उमटते. एक टोक माझ्याकडे, एक वेलांटीकडे, टिचकी तिची. तिला ते इतकं आवडलं की तिने जमिनीवर, दारावर आणि झोपलेल्या मांजराच्या शेजारी अशा रेघा मारल्या. मांजराने घर सोडलंय. संध्याकाळपर्यंत येईल.

२९ जानेवारी, बुधवार

अक्षरं भरली. हात थरथरला नाही, हे आधी लिहून ठेवतो.

पांढऱ्याने मात्र छळलं. डबा नवा, दुकानदार ओळखीचा, तरी पांढरा पिवळट. ही फसवाफसवी जुनीच आहे, आणि तिच्यावरचा उपायही माझ्या उस्तादांनी मला मिसरूड फुटायच्या आधी शिकवला होता. पांढऱ्यात एक थेंब निळा. कपड्यांना नीळ देतात तेच तत्त्व. त्या थेंबाने पिवळेपणा मरतो आणि पांढरा झळकायला लागतो. बाहेरच्याला हे गुपित कोणी सांगत नाही. आज वेलांटीला सांगितलं, कारण ती बाहेरची नाही.

एका थेंबाने काहीच झालं नाही. दुसरा घातला. तिसरा घातला. वेलांटी डब्यावर वाकून बघत होती. म्हणाली, "आबा, हा निळा झाला." मी तिला समजावलं की निळसर झाक लागतेच, त्याशिवाय पांढरं पांढरं दिसत नाही. तिला ते पटलं असावं, कारण पुढचे थेंब तिनेच घातले, आणि प्रत्येक थेंबाला विचारत होती, "अजून घालू?" शेवटी एकदाचा असा शुभ्र लागला की मीच खूश झालो. मी विचारलं, कसा झाला? म्हणाली, "एकदम छान. आभाळ."

पोरांची उपमा देण्याची पद्धत निराळीच असते.

३१ जानेवारी, शुक्रवार

बोर्ड लागला. बाई बराच वेळ बघत उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, "वेगळंच झालंय हो, आजोबा." शिपाई पण दोन पावलं मागे जाऊन बघत होता. पोरांनी टाळ्या वाजवल्या. चांगलं काम बघितलं की माणूस असा गप्प होतो, मी हे पूर्वीही पाहिलंय.

सही करायची राहिली. कोपऱ्यात बारीक सही करताना ब्रशचं टोक कुठे टेकलंय ते नीट लागेना. ऊन फार होतं. नंतर करू.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आजचं लिहायचं नव्हतं. पण डायरीशी लपवाछपवी करून काय मिळणार?

तळ्याकाठच्या बागेत गेलो होतो, वाळलेली पानं गोळा करायला. खोक्यांच्या गावात झाडं हवी होती. वेलांटीचा फ्रॉक लाल. मी बाकावर बसून तिच्याकडे लक्ष ठेवून होतो, क्षणभरही नजर हलवली नाही. उन्हं उतरायला लागली तसा उठलो, घसरगुंडीपाशी जाऊन तिचा हात धरला आणि म्हटलं, चला बाईसाहेब, घरी. तर ती पोरगी किंचाळली. दुसरीच होती. तिची आई धावत आली आणि मला काय काय बोलली, ते लिहीत नाही. मी म्हणत होतो, अहो, माझी नात, लाल फ्रॉक. ती म्हणाली, "माझ्या मुलीचा फ्रॉक केशरी आहे. आणि ती चांगली चौथीत आहे."

तेवढ्यात मागून वेलांटी आली, दोन्ही हातात पानं. इतका वेळ ती तळ्याच्या कठड्यापाशी होती. कठड्यापाशी. मी घसरगुंडीकडे बघत होतो आणि ती पाण्याजवळ होती.

घरी येईपर्यंत मी तिचा हात सोडला नाही. हल्ली सगळ्या पोरांना एकसारखेच कपडे घालतात, असं मी स्वतःला सांगून पाहिलं.

रात्री जेवताना वेलांटीने ही गोष्ट आईला गंमत म्हणून सांगितली. "आबा दुसरीच मुलगी घरी आणत होता." मग तिने आईचा चेहरा पाहिला आणि एकदम म्हणाली, "मीच लपले होते. आबाची चूक नाही." ती लपली नव्हती. एवढीशी पोर खोटं बोलायला कुठून शिकली, कळत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

लेक माझ्याशी काही बोलली नाही. माझा चष्मा घेऊन साबणाने धुतला, स्वतःच्या डोळ्यांना लावून बघितला आणि परत ठेवला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज बोलली. वेलांटी आतल्या खोलीत पानं चिकटवत होती, दार लोटलेलं होतं. लेक म्हणाली, "बाबा, डोळे तपासून घ्या. तोपर्यंत तिला पाळणाघरात ठेवते. तुमच्यावर राग नाही माझा, पण मला ऑफिसात बसून तळं दिसतं."

मी रागावलो. म्हटलं, माझे डोळे? ज्या डोळ्यांनी मी तिसऱ्या मजल्यावरून खालच्या माणसाच्या सदऱ्याची गुंडी तुटलेली सांगायचो, ते डोळे? तिने उठून आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. तिच्या आईसारखीच आहे, भांडणात गप्प बसून जिंकते.

खरं सांगायचं तर मी भितो. उस्तादांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, त्या काळातलं. पट्टी सोडली आणि त्यांना उजेड दिसायचा, बाकी काही नाही. पुढे ते दुकानात यायचे आणि बोर्डावरून बोट फिरवून अक्षर कसं पडलंय ते सांगायचे. बरोबर सांगायचे. पण मग बोट शिरोरेषेवर तसंच ठेवून बसून राहायचे. ते दिवस मी विसरलो नाही. अंधुक का होईना, मला दिसतंय. हात लावून तेही घालवून बसलो तर?

बघा, अंधुक हा शब्द लिहून गेलो.

१० फेब्रुवारी, सोमवार

वेलांटी पाळणाघरात गेली. बाल्कनीत खोक्यांचं गाव ओसाड पडलंय. न्हाव्याच्या छपरावर मांजर झोपतं, त्यामुळे छप्पर बसलं. मी दुरुस्त करायला घेतलं आणि ठेवून दिलं.

संध्याकाळी आली ती माझ्या मांडीवर बसली आणि मी पाळणाघराचं खोकं करायचं का विचारलं तर मानच हलवली. नाही म्हणून. मी लेकीला सांगून टाकलं, घे डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

डोळ्यांच्या डॉक्टर तरुण आहेत, वेलांटीच्या आईहूनही लहान. लेकीने अर्धी रजा काढली होती, पाळणाघर आज बंद, म्हणून वेलांटीही बरोबर. खोली अंधारी, समोरच्या भिंतीवर अक्षरांचा उजळलेला तक्ता. वर मोठी अक्षरं, खाली लहान होत जाणारी. डॉक्टर माझा एक डोळा झाकून म्हणाल्या, वाचा, आजोबा.

पहिलं अक्षर वाचलं. दुसऱ्या ओळीला मी म्हटलं, हा तक्ता कोणी रंगवलाय, शिरोरेषाच नीट दिसत नाही. डॉक्टर म्हणाल्या, छापलेला आहे, तुम्ही वाचा. मी बघत राहिलो. ओळ म्हणजे नुसता ओला डाग. ज्या अक्षरांनी मला जन्मभर पोसलं त्यातलं एकही पुढे यायला तयार नव्हतं.

तेवढ्यात माझ्या गुडघ्यापाशी कोणीतरी कुजबुजलं, "ग."

मी म्हटलं, ग.

"त."

मी म्हटलं, त.

अशी आम्ही ओळ संपवली. मग पुढची. डॉक्टर म्हणाल्या, वा, आता उलट्या बाजूने वाचा. तेही आम्ही वाचलं. मला वाटलं, जमलं. लाज वाटायला हवी होती, पण आधी अभिमानच वाटला, कारण पोरगी एकही अक्षर चुकली नाही. न्हावी, सायकल, खानावळ, सगळं माझ्या बोर्डांवरून शिकलेलं.

डॉक्टरांनी दिवा लावला. वेलांटी खुर्ची सोडून माझ्या पायाशी उकिडवी बसली होती. डॉक्टर तिला रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुझे डोळे छान आहेत. आता आजोबांचे बघू दे."

वेलांटीने माझा गुडघा घट्ट धरला आणि म्हणाली, "आबाला सगळं दिसतं. नाही दिसलं तर मी सांगते ना. पायरी सांगते, खड्डा सांगते, खांब सांगते. मग मला पाळणाघरात कशाला?"

आणि ती रडायला लागली. लेक तोंड फिरवून उभी राहिली. मी तिथेच बसून होतो, खुर्चीत, हनुवटी त्या यंत्रावर टेकवायची होती ती टेकवता येईना.

म्हणजे कंडक्टरचा खेळ हा खेळ नव्हताच. पहिल्या दिवसापासून नव्हता. मी समजत होतो मी तिला फिरवतोय. तिने आजपर्यंत मला रस्त्यावर पडू दिलं नाही, दूध पुसलं, सुई ओवली, आईसमोर खोटं बोलली, आणि हे सगळं तिने माझ्या मानाला धक्का न लावता केलं. साडेचार वर्षांची पोर. मला इतकं भरून आलं की डॉक्टरांना थांबावं लागलं.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकलेला. आधी उजवा. मी उस्तादांचं सांगितलं. डॉक्टरांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की तेव्हाचं आणि आताचं यात फार फरक आहे, तरी भीती वाटणार हे मी धरून चालते. हे मला आवडलं. हो म्हणून आलो.

२३ फेब्रुवारी, रविवार

उद्या ऑपरेशन. आज वेलांटीने एक खोकं आणलं आणि म्हणाली की डोळ्यांचा दवाखाना करू. खिडक्या तिने कापल्या, चिकटवायला डिंक मी दिला. बोर्ड कोणता लिहायचा विचारलं तर म्हणाली, आत्ता नाही, तुला दिसल्यावर.

२६ फेब्रुवारी, बुधवार

दिसतंय.

काल सकाळी पट्टी काढली. डॉक्टरांचा कोट आधी दिसला. इतका पांढरा की मी विचारलं, यात निळा थेंब घातलाय का? त्यांना कळलं नाही. नर्सच्या बाह्यांची किनार निळी होती, खराखुरा निळा, डबा उघडल्यावर डोळ्यात जायचा तो. इतकी वर्षं मी रंगाच्या कारखानदारांना शिव्या देत होतो. त्यांची माफी मागायला हवी, पण पत्ता कुठे शोधू?

घरी आलो आणि लेकीला बघितलं. तिच्या कानाशी केस पांढरे झालेत. कधी झाले? मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती म्हणाली, डोळ्याला हात लावू नका, थेंब घालायची वेळ झाली.

मग बाल्कनी. न्हाव्याचं दुकान जांभळं आहे. मी ते तपकिरी समजून रंगवलं होतं. सायकलवाल्याच्या चाकांना तीन वेगळे रंग. खानावळीच्या भिंतीवर माझ्या अंगठ्याचे ठसे, मुंग्यांच्या रांगेसारखे. असं गाव मी डोळे चांगले असताना कधीच केलं नसतं. आणि इतकं गोड गाव मी पाहिलेलं नाही.

ही डायरीही चाळली. मार्करच्या ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्यात. काही पानं वाचताच येत नाहीत. चांगलंच झालं.

४ मार्च, मंगळवार

काळा चष्मा लावून लेकीबरोबर वेलांटीला आणायला गेलो. रस्त्याच्या वळणावरूनच बोर्ड दिसला.

अक्षरं आकाशी आहेत.

निळसर झाक वगैरे नाही. गडद लालवर चक्क आकाशी. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. इतके दिवस तो तिथे उभा आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने तो पाहिलाय. आमच्या धंद्यात चुकलेला बोर्ड भिंतीवर राहू द्यायचा नसतो, रातोरात जाऊन पुसायचा असतो. मी बाईंना म्हटलं, माफ करा, उद्याच पांढरा करून देतो. तुम्ही बोलला का नाहीत?

बाई म्हणाल्या, "बोलणार होते. पण पोरं फाटकापाशी थांबून तो वाचतात, आजोबा. आधीचा पांढरा कोणी वाचत नव्हतं. आता नव्या पालकांनाही आम्ही निळ्या अक्षरांची शाळा म्हणूनच पत्ता सांगतो. राहू दे."

वेलांटी पाठीवर दप्तर घेऊन उभी होती. मी तिला विचारलं, तुला तेव्हाच दिसत होतं ना की हा निळा आहे? "हो," म्हणाली. "मी सांगितलं होतं. पण तुला पांढरा दिसत होता आणि मला निळा आवडत होता." तिने सांगितलं होतं, हे खरंच आहे. माझ्याच हाताने लिहिलेलं आहे.

बाईंकडून बारीक ब्रश आणि रंग मागून घेतला. कोपऱ्यात सही केली, टोक कुठे टेकतंय ते स्वच्छ दिसत होतं. माझ्या सहीशेजारी एक वेलांटी काढली. सही आकाशीच केली, आता बोर्ड तसाच आहे म्हटल्यावर.

१० मार्च, सोमवार

सकाळी लेक चपला घालताना म्हणाली की पाळणाघरात आजपासून नाही म्हणून कळवलंय. एवढंच. मग दारातून परत आली आणि म्हणाली, तळ्याकडे जाणार असाल तर जा, फक्त संध्याकाळी वेळेवर या. दुसऱ्या डोळ्याचं महिनाअखेरीला आहे. उजव्यावर मी राज्य करतोय.

दुपारी निघालो. बागेत जायचं, पानं आणायची, दवाखान्याच्या खोक्यापुढे झाड लावायचं आणि बोर्ड लिहायचा, असा बेत होता. जिन्यात मी सवयीने बोट पुढे केलं. वेलांटीने ते धरलं, पण पायरी म्हणाली नाही. पहिली पायरी गेली, दुसरी गेली, ती गप्प. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. मी विचारलं, काय गं, आज कंडक्टरची सुट्टी का?

"आता तुला दिसतं," म्हणाली. मग थांबली, थोडा विचार केला, आणि दोन्ही डोळे गच्च मिटले. "आता तू सांग. मी बघणार नाही."

मी खाली बघितलं. पायरीची कड दिसत होती, तिच्यावरचा चुन्याचा ठिपका दिसत होता, वेलांटीच्या सँडलचा सुटलेला पट्टा दिसत होता. आधी तो लावला. मग म्हटलं, पायरी आली.

तिने पाऊल टाकलं. डोळे किलकिले करून बघितलंसुद्धा नाही. फाटकापाशी मी खड्डा सांगितला, कोपऱ्यावर खांब सांगितला, रस्ता ओलांडायच्या आधी थांब म्हटलं तर थांबली, चल म्हटल्यावर चालली. वाटेत न्हावी दारात उभा होता. मी त्याच्या बोर्डाकडे बघितलं, पांढरी अक्षरं लखलखीत होती. त्याला म्हटलं, बाबा रे, तू धुतलाच होतास. पण आम्ही थांबलो नाही, कारण पुढे फुटपाथ संपत होता आणि ते मला तिला वेळेवर सांगायचं होतं.